नान्नजचा माळ आणि सोलापूरचा भुईकोट

सोलापूर हे बाहेरच्या बहुतेकांच्या लेखी मुक्कामाचे नव्हे, तर गाडी बदलण्याचे गाव आहे. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर किंवा गाणगापूरला निघालेला भाविक येथे स्टेशनावर उतरतो, वेळ मिळालाच तर एखादी चादर आणि शेंगाचटणीचा पुडा घेतो आणि पुढच्या गाडीत बसतो. या गावात जन्म काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला याचे वाईट वाटते, पण नवल वाटत नाही. कारण येथे पाहण्यासारखे जे आहे ते जाता जाता नजरेत भरणारे नाही. नान्नजचा माळ रस्त्यावरून पडीक रानासारखा दिसतो आणि भुईकोट किल्ला बाहेरून जुन्या बागेच्या कुंपणभिंतीसारखा. दोन्ही ठिकाणी आत शिरून, थांबून आणि जाणत्या माणसाला विचारून पाहावे लागते.

जानेवारीच्या सुरुवातीला माझी बहीण, दाजी आणि भाचा नागपूरहून आमच्याकडे आले, तेव्हा हीच दोन ठिकाणे त्यांना दाखवायची असे मी ठरवले होते. भाच्याला पक्ष्यांचा नाद आहे आणि त्याच्याकडे लांब भिंगाचा कॅमेराही आहे. दाजींचे तसे नाही. ताडोबा आणि पेंच त्यांच्या पायाखालचे आहेत आणि अभयारण्य म्हटले की साग, बांबू, नाला व त्याच्या काठी वाघ असे चित्र त्यांच्या मनात पक्के आहे. बार्शी रस्त्याने गाडी शहराबाहेर पडून बराच वेळ झाला आणि दोन्ही बाजूंना ज्वारी, तूर, मधूनच द्राक्षबागा आणि पुन्हा ज्वारी एवढेच दिसू लागले, तेव्हा त्यांनी न राहवून विचारले, "भाऊ, अभयारण्य आहे म्हणता, पण जंगल कुठं आहे?"

हा प्रश्न केवळ त्यांचा नाही. सोलापूर जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही बेभरवशाचा. अशा ठिकाणी घनदाट जंगल उभे राहत नाही. उभे राहते ते गवत, आणि गवताबरोबर त्यावर जगणारी आपली वेगळी प्राणिसृष्टी. परंतु आपल्या सरकारी दप्तरात आणि आपल्या मनातही माळरान म्हणजे ओसाड, पडीक जमीन असा समज इतका रुजलेला आहे की ज्याला जमीन हवी त्याने माळाकडे बोट दाखवावे आणि ज्याला पुण्य हवे त्याने तेथे झाडे लावावीत, अशी वहिवाट पडली. नान्नजला जाण्यापूर्वी एवढे ध्यानात घेतले नाही तर तेथे जाऊन निराश होण्याचीच शक्यता अधिक.

नान्नज शहरापासून साधारण वीस-बावीस किलोमीटरवर आहे. हे गाव द्राक्षासाठीही प्रसिद्ध असून सोनाका आणि शरद सीडलेस ही वाणे येथील शेतकरी नानासाहेब काळे यांनी निवडून वाढवली आहेत. पक्षिमित्रांना मात्र हे गाव माहीत असते ते माळढोकामुळे. पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी या भागात माळढोक असल्याकडे सत्तरच्या दशकात लक्ष वेधले आणि त्यानंतर १९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होते. म्हणजे सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील कित्येक गावे, शेते, रस्ते आणि बाजारपेठा एकदम अभयारण्याच्या हद्दीत आल्या. प्रत्यक्ष वनखात्याच्या ताब्यातील जमीन त्यातला अगदी लहान हिस्सा होती. जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर बंधने आल्याने लोकांचा रोष वाढत गेला आणि ज्या पक्ष्याच्या नावाने हे सारे झाले त्याच्याविषयीही गावोगावी कडवटपणा निर्माण झाला. पुढे बरीच वर्षे चर्चा होऊन क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. माझ्या मते सुरुवातीलाच नेमके माळ निवडून त्यांचेच काटेकोर रक्षण केले असते, तर पक्षी आणि शेतकरी दोघांचेही भले झाले असते. पण हे आज म्हणणे सोपे आहे.

आत जायचे तर वनखात्याची परवानगी लागते. आम्ही ती आदल्या दिवशीच घेऊन ठेवली होती, ओळखपत्रांच्या प्रती दिल्या होत्या आणि सकाळी उजाडण्याच्या आत फाटकाशी पोहोचलो होतो. वेळेचा हा आग्रह निष्कारण नाही. ऊन चढले की माळावर हवा थरथरू लागते, लांबचे काही स्पष्ट दिसत नाही आणि पक्षीही सावलीला जाऊन बसतात. भडक कपडे घालू नयेत, हे मी आधीच सांगितले होते. तरी बहिणीने आणलेली लाल शाल गाडीतच ठेवावी लागली. पायात बूट आणि त्यावर जाड, लांब विजार असणे मात्र पक्ष्यांसाठी नव्हे, आपल्यासाठी आवश्यक आहे, कारण जानेवारीत कुसळी गवत वाळलेले असते आणि त्याची कुसळे कापडातून आरपार शिरतात. दाजींनी पातळ मोजे घातले होते. पुढचा तासभर त्यांचा निम्मा वेळ वाकून कुसळे उपटण्यात गेला.

आमच्याबरोबर आलेले वनरक्षक याच भागातले होते. बोलणे कमी, आणि तेही हळू आवाजात. चालताना ते मधूनच थांबत आणि आम्ही पुढे निघालो की हाताने खुणावत. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत आम्हाला काहीच दिसले नाही असे म्हटले तरी चालेल. पिवळेधमक गवत, मधून काळा मुरूम, एखादी बोरीची जाळी आणि दूरवर आभाळाला टेकलेली माळाची कड. मग त्यांनी बोट केले तेथे, आमच्यापासून फार तर तीस पावलांवर, मुरमाच्या रंगाचे दोन पक्षी पळताना दिसले. थोडे पळायचे, थबकायचे, मान खाली घालून काही टिपायचे आणि पुन्हा पळायचे. ते धाविक होते. भाच्याने कॅमेरा उचलेपर्यंत ते थांबले आणि थांबल्याबरोबर नाहीसे झाले, म्हणजे होते तेथेच होते, पण जमिनीत मिसळून गेले. त्यानंतर मात्र आमची नजर हळूहळू माळाला सरावली. डोंबारी पक्ष्याचा नर उंच चढून सूर मारत खाली येत होता. पिवळ्या गाठीच्या टिटव्या आम्हाला पाहून ओरडत होत्या. तारेच्या खांबावर करडा खाटीक बसला होता. पखुर्ड्यांचा लहानसा थवा भर्रकन डोक्यावरून गेला आणि तो कोठे उतरला ते पाहायला वळलो तोवर दिसेनासाही झाला. चंडोल तर इतके होते की त्यांच्यातला फरक ओळखण्यावरून भाचा आणि वनरक्षक यांच्यात दबक्या आवाजात वादच सुरू झाला.

त्या सकाळचे सर्वांत देखणे दृश्य भोवत्यांचे होते. हे शिकारी पक्षी मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून हिवाळ्यात आपल्याकडे येतात. दिवसभर ते माळावर अगदी खालून, पंख किंचित वर उचलून, तरंगत फिरतात आणि नाकतोडे, लहान पक्षी, उंदीर यांवर झडप घालतात. रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवरच एकत्र मुक्काम करतात, आणि म्हणूनच त्यांना झाडांच्या नव्हे तर गवताच्या माळाची गरज असते. आम्ही पोहोचलो तेव्हा मुक्कामाच्या गवतातून ते एकेक करून उठत होते. करड्या रंगाचे नर आणि तपकिरी माद्या कोवळ्या उन्हात आमच्यासमोरून दोन्ही बाजूंना पांगत गेल्या आणि दाजी कुसळे विसरून उभे राहिले.

त्यानंतर आम्ही लपणात बसलो. लपण म्हणजे गवताच्या रंगात मिसळून जाईल अशी बुटकी खोली. तिला डोळ्यांच्या उंचीवर आडव्या फटी असतात. येथे बोलायचे नाही, फोन बंद ठेवायचा आणि फटीतून हात बाहेर काढायचा नाही. समोर पाणवठा होता. काळविटांचा कळप आला तेव्हा प्रथम माद्या आणि पाडसे पुढे आली, मग मागून काळाभोर नर, मान मागे टाकून, पिळदार शिंगे जवळजवळ पाठीला टेकवत. नान्नज परिसरात काळविटांची संख्या चांगली आहे, इतकी की आजूबाजूच्या शेतकऱ्यांना ती जास्त वाटते. वनरक्षक नंतर सांगत होते की हरभरा आणि ज्वारी कोवळी असताना रात्रभर राखण करावी लागते आणि नुकसानभरपाईचा अर्ज भरून पैसे हाती येईपर्यंत दुसरे पीक निघते. लांडगाही येथे आहे. तो आम्हाला दिसला नाही, पण ओल्या मातीत उमटलेले त्याचे ठसे दिसले आणि त्याच्या विष्ठेत काळविटाचे केस. लांडगा म्हणजे जंगलातला प्राणी असे आपण गोष्टींतून शिकतो. भारतीय लांडगा मात्र मुख्यतः अशाच उघड्या माळांवर, मेंढपाळांच्या कळपांच्या आसपास जगत आला आहे.

आणि माळढोक? तो आम्हाला दिसला नाही, आणि दिसेल असे मी पाहुण्यांना सांगितलेही नव्हते. गेल्या काही वर्षांत नान्नजला एखाद-दुसरा पक्षी दिसल्याच्याच नोंदी आहेत. देशात मिळून हे पक्षी दीडशेच्या आतबाहेर उरले असून त्यांतले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. सुमारे एक मीटर उंच, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत वजनदारांपैकी एक. आणि एवढा मोठा पक्षी आपले घरटे म्हणून जमिनीवर नुसती उथळ जागा निवडतो व बहुधा वर्षाला एकच अंडे घालतो. ते कुत्र्याने खाल्ले, मेंढ्यांच्या पायाखाली आले किंवा ट्रॅक्टरखाली गेले की त्या मादीचे वर्ष वाया गेले. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने चारी दिशांचा धोका त्याला दिसतो, पण थेट समोरची विजेची तार उशिरा दिसते, आणि एवढे जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. राजस्थानात आज त्याच्या मृत्यूचे मोठे कारण या तारा आहेत आणि तेथे कृत्रिम पैदाशीचे कामही चालू आहे. सोलापूर भागात त्याहीआधी रानाचा पोतच बदलला. एकेकाळी येथे कोरडवाहू ज्वारी, भुईमूग, तूर आणि मधले पडीक तुकडे अशी शेती होती. माळढोक त्यात नाकतोडे, भुंगेरे, शेंगा वेचत हिंडू शकत असे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, कालवे आले, विहिरी खोल गेल्या आणि ऊस व द्राक्षाचे मळे वाढत गेले. शेतकऱ्याला याबद्दल दोष देता येणार नाही. दुष्काळात होरपळलेल्या माणसाने पाणी मिळाल्यावर उसाकडे वळू नये, असे कोणी कोणत्या तोंडाने सांगावे? पण दोन मळ्यांच्या मधला माळ त्यात आटत गेला, हेही तितकेच खरे आहे.

झाडांचा मुद्दा निघाला तो परतताना. माळाच्या एका बाजूला ग्लिरिसिडियाच्या रांगा दिसत होत्या. दाजींना त्या पाहून बरे वाटले. येथे थोडी आणखी झाडे लावली असती तर सावली झाली असती, असे ते म्हणाले. वनरक्षक हसले. "झाड उभं राहिलं की माळ गेला बगा, साहेब. माळढोकाला लांबवर नजर लागते. आडोसा आला की त्यो बसत न्हाई." हिरवे दिसावे म्हणून पूर्वी ठिकठिकाणी केलेली ही लागवड गवताळ प्रदेशाच्या मुळावर येते, हे आता वनखात्यातही मान्य झाले आहे, बाहेर मात्र वृक्षारोपणाचे फलक अजून माळांवरच लागतात. दाजींनी यावर काही उत्तर दिले नाही, पण गाडीत बसल्यावर त्यांनी भाच्याकडून दुर्बीण मागून घेतली आणि फाटकापर्यंतचा रस्ता खिडकीतून बाहेर पाहण्यातच घालवला.

माळावरून उतरल्यावर ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या वस्तीवर हुरडा होता. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात भाजलेली ज्वारीची कोवळी कणसे हातावर चोळून दिली जात होती आणि सोबत शेंगाचटणी, दही, गूळ. जानेवारीत सोलापूर जिल्ह्यात येऊन हुरडा न खाता जाणे हा मला नियमभंग वाटतो. शिवाय या हुरड्याचा पुढच्या दिवसाशी संबंध होता, तो ओघात येईल.

दुपार कलल्यावर आम्ही शहरात येऊन किल्ल्यात गेलो. सोलापूरचा किल्ला भुईकोट आहे. म्हणजे डोंगराचा आधार नाही, सगळी भिस्त भिंतींवर आणि पाण्यावर. तीन बाजूंना रुंद खंदक आणि पूर्वेला सिद्धेश्वर तलाव, आत एकामागे एक दोन तटभिंती आणि त्यांना बुरूज. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला हा किल्ला प्रथमदर्शनी किरकोळ वाटतो. दोन तटांच्या मधल्या वाटेने चालू लागले म्हणजे त्याची रचना कळते: पहिला दरवाजा फोडून आत शिरलेला शत्रू सरळ पुढे जाऊ शकत नाही, त्याला दोन भिंतींच्या कात्रीत वळावे लागते आणि त्या वेळी दोन्ही बाजूंचे मारे त्याच्यावर येतात. मूळ बांधकाम बहामनी काळातील असून पुढे आदिलशाहीत त्यात भर पडली.

या किल्ल्याचा इतिहास हुंड्याचा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या ऐन सीमेवर हा किल्ला असल्याने दोघांनाही तो हवा होता. इस्माईल आदिलशहाने आपली बहीण मरियम हिचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी लावला, तेव्हा सोलापूर देण्याचे कबूल केले आणि नंतर दिले नाही. त्यावरून पिढीभर लढाया झाल्या. पुढे हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी हिचा विवाह अली आदिलशहाशी झाला, तेव्हा सोलापूर तिच्याबरोबर विजापूरला आले आणि त्या सोयरिकीतून जुळलेल्या आघाडीने १५६५ मध्ये विजयनगरचा पाडाव केला. बहिणीने हे ऐकून, एक किल्ला दोनदा हुंड्यात घातला आणि पोरींना कोणी विचारले नाही, असा शेरा मारला. त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. नंतर किल्ला मोगलांकडे गेला. १६८५ मध्ये विजापूरच्या वेढ्यावर नजर ठेवण्यासाठी खुद्द औरंगजेब सोलापुरात येऊन राहिला होता. शेवटी मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या जनरल मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांच्या सैन्याकडून घेतला.

आतल्या भिंतींत एक गोष्ट मी प्रत्येकाला थांबवून दाखवतो. तटाच्या चिऱ्यांमध्ये मधूनच कोरीव दगड बसवलेले आहेत: कोठे वेलबुट्टी, कोठे एखादी मूर्ती. हे जुन्या मंदिरांचे दगड आहेत. किल्ल्याच्या आवारातच कपिलसिद्ध मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेष असून त्याच्या जोत्यावरचे कोरीवकाम आजही पाहता येते. जवळच खांबांची जुनी मशीद आहे. भाच्याचे लक्ष मात्र त्या भिंतीच्या एका भगदाडाकडे होते, कारण त्यात पिंगळ्यांची जोडी बसलेली होती आणि दिवसाढवळ्या आमच्याकडे डोळे वटारून पाहत होती. किल्ल्यात पोपटही पुष्कळ आहेत. ओघळलेल्या चुन्याच्या फटी त्यांना घरट्यासाठी सोयीच्या पडतात. तटाची डागडुजी करताना अशा फटी बुजवल्या जातात, ते योग्यही आहे. तरी थोड्या उरल्या तर बरे, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वर मंदिर. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे ग्रामदैवत. ते बसवेश्वरांचे समकालीन आणि कन्नड वचनकार. त्यांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदवला आणि गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. त्यांच्या बालपणाची एक आख्यायिका येथे घरोघरी सांगतात. लहानगा सिद्धराम रानात गुरे राखत असता मल्लय्या, म्हणजे श्रीशैलाचा मल्लिकार्जुन, जंगमाच्या रूपाने आला, त्याने हुरडा मागितला, आणि तो खाऊन पोटात आग झाली म्हणून दहीभात मागितला. मुलगा दहीभात घेऊन धावत परत येतो तो मल्लय्या नाहीसा झालेला. मग त्याला शोधत तो थेट श्रीशैलापर्यंत गेला. आदल्या दिवशी हुरडा खाताना बहिणीने वर दही का खावे असे विचारले होते, तेव्हा ही गोष्ट मी राखून ठेवली होती.

गड्डा यात्रेला थोडे दिवस उरले असल्याने होम मैदानावर पाळणे आणि दुकाने उभी राहत होती. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. उंच वेळूच्या काठ्या पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी कमरेच्या पट्ट्यावर पेलून चालतात. सिद्धरामांवर मन जडलेल्या कुंभारकन्येचा त्यांच्या योगदंडाशी विवाह लागला या कथेचा अक्षता सोहळा सम्मती कट्ट्यावर होतो आणि तेव्हा लाखो लोक एकाच वेळी अक्षता टाकतात. आधीचे काही आठवडे तरुण मंडळी संध्याकाळी नंदीध्वज पेलण्याचा सराव करत असतात. पाहुण्यांना मुख्य सोहळा नाही, पण हा सराव पाहायला मिळाला. यात्रेच्या गर्दीत सिद्धेश्वर तलावाकडे कोणी पाहत नाही. आम्ही कठड्याला टेकून पाहिले, तेव्हा वारकरी, टिबुकली, पाणकावळे, वंचक आणि एक खंड्या एवढे सहज सापडले, तेही जलपर्णी आणि निर्माल्य बाजूला सारत.

तेथून चालत गेल्यास चार हुतात्मा पुतळे लांब नाहीत. सोलापूरने १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांचा अंमल जवळजवळ ठप्प केला होता आणि त्यावर सरकारने शहरात मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. ही तारीख यात्रेच्या ऐन दिवसांत येते, त्यामुळे शहरात एकीकडे नंदीध्वज आणि दुसरीकडे पुतळ्यांना हार असा जानेवारी असतो. भाच्याने ही चार नावे शाळेत कधी ऐकली नव्हती. आम्ही ती चारही नावे पुतळ्यांखाली उभे राहून वाचली.

इंद्रभुवनाची महापालिकेची नक्षीदार इमारत बाहेरून पाहिली. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये मृत्यू पावलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जन्मघरातील स्मारकालाही धावती भेट दिली. ते पाहायला अर्धा तास पुरतो, आणि तेवढा तरी द्यावा.

परतीच्या गाडीआधी उरलेला वेळ हिप्परग्याला दिला. तुळजापूर रस्त्यावरचा हा एकरुख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला, दुष्काळी मुलखाला पाणी देण्यासाठी. आज हिवाळ्यात तेथे बदके उतरतात. धरणाच्या भिंतीवरून थापटे, तलवार बदके आणि हळदी-कुंकू बदकांचे थवे दिसले. पाणी वरपर्यंत असल्याने उथळ चिखलातले पक्षी कमी होते; ते पाहायचे तर फेब्रुवारीनंतर, काठ उघडे पडल्यावर यावे. कोणी नान्नजसाठी पावसाळ्याची वेळ विचारली तर मी नको म्हणतो, कारण तो माळावरच्या पक्ष्यांच्या विणीचा काळ आणि तेव्हा माणसाची वर्दळ जितकी कमी तितकी बरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही आपली वेळ.

स्टेशनावर बसल्या बसल्या भाच्याने दोन्ही दिवसांच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवल्या. माळढोकाच्या रकान्यात अर्थातच काही नव्हते. एका चंडोलाची ओळख मात्र छायाचित्रे पुन्हा पुन्हा मोठी करून पाहूनही पटेना, तेव्हा दाजींनीच सुचवले की वनरक्षकांना फोटो पाठवून विचारावे, आणि गाडी कुर्डुवाडीला पोहोचण्याच्या आत त्यांचे उत्तरही आले.